वसमतवाली कोंबडी

आंबेटाकळीत कोंबडं आरवत नसे. गाव जागं व्हायचं ते ओढ्यापलीकडच्या तांड्यावरच्या बांगेनं. आणि तरी तांड्यावर आरवणाऱ्या, उकिरडे उकरणाऱ्या, अंडी घालणाऱ्या निम्म्या कोंबड्या आंबेटाकळीच्याच होत्या.

त्याचं कारण सरकारी मुक्काम. महसुलाचा गिरदावर किंवा त्याच्या वरचा कुणी साहेब चावडीत उतरला की त्याचा शिपाई गल्लीनं फिरे, अंगणात दिसेल ती कोंबडी पायाला धरून उलटी करी आणि चालता होई. किंमत मागायची सोय नव्हती. निजामाच्या अमलात ही रीतच होती. मग गावातल्या बायांनी आपली रीत काढली. कोंबड्या तांड्यावरच्या रुक्माबाईकडे अर्धलीनं ठेवायच्या. कोंबडी गावातल्या बाईची, सांभाळ रुक्माबाईचा. अंडी आणि पिल्लं निम्मी निम्मी. तांडा वाटेपासून आत, पळसाच्या टेकाडामागं होता. शिपायाला तिकडं जायचा कंटाळा.

या व्यवहारात लिहिणं नव्हतं, दाखवणं होतं. मुंगसानं कोंबडी नेली तर रुक्माबाई पिसं आणून दाखवी. रोगानं मेली तर पाय. अंडं फुटलं तर टरफल. दाखवलं की विषय मिटला. पुढं कुणी शंका काढायची नाही. एकदा पावसाळ्यात ओढ्याला पूर असताना फुटक्या अंड्याचं टरफल दाखवायला रुक्माबाई कमरेएवढ्या पाण्यातून आली होती. गाव तेव्हा तिला हसलं होतं.

द्वारकाबाईची कोंबडी त्या कळपात उठून दिसे. तांबूस सोनेरी अंग, काळं शेपूट, चालणं असं की जणू सारा उकिरडा हिच्या नावावर. द्वारकाबाईनं ती माहेराहून, वसमतेकडून, मांडीवर घेऊन बैलगाडीतून आणली होती. बाया तिला वसमतवालीच म्हणत. कोंबडीला म्हणतात की द्वारकाबाईला, हे कधीकधी कळत नसे, आणि द्वारकाबाईला त्याचं सुखच वाटे.

"आमच्याकडच्या कोंबड्या अशाच," ती म्हणे. "आमच्याकडं हळदीचं रान. माणसं काय, पाखरं बी पिवळीधमक."

"मग तू काहून काळी?" म्हातारी शकुबाई विचारी, आणि पाणवठा हसे.

जर्मनीशी लढाई चालू होती. लेव्हीचं, म्हणजे सरकारनं सक्तीनं घ्यायचं धान्य गोळा करायला गिरदावर माघात आला, तो फाल्गुन सरत आला तरी हलेना. इतका लांब मुक्काम गावानं पाहिला नव्हता. शिपाई रिकामा बसून कंटाळला आणि ओढ्याच्या बाजूनं हिंडू लागला. तेव्हा बायांनी रुक्माबाईला निरोप धाडला: कोंबड्या बाहेर सोडू नको, अजिबात सोडू नको. हा निरोप सगळ्यांचा होता, पण तो घेऊन गेली होती द्वारकाबाई.

रुक्माबाईनं तुराट्यांच्या कुडाचा शेळ्यांचा गोठा रिकामा केला, वरून पळसाचा पाला घातला आणि सगळ्या कोंबड्या त्यात कोंडल्या. अंधार असला की कोंबडी गप राहते. दाणा आत, पाणी आत. किडा नाही, माती नाही, ऊन नाही. मुक्काम हलला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाया कोंबड्या बघायला गेल्या.

रुक्माबाईनं गोठ्याच्या दाराचा झापा काढला आणि कोंबड्या उन्हात आल्या.

कोंबड्या उघड्या होत्या. पाठी लालभडक, शेपटाच्या मुळाशी नुसती कातडी, मानेवर कुठं कुठं खुरटं पीस. नर्मदाबाईची ठिपक्याठिपक्यांची कवडी कोंबडी तर अशी दिसत होती की कुणी सोलायला घेऊन मधेच उठून गेलं असावं. आणि त्या सगळ्यांच्या मागून, अंग फुलवत, एक पीस कमी न झालेली वसमतवाली बाहेर आली.

"अगं माय!" नर्मदाबाईनं तोंडावर पदर धरला.

"पिसं बदलून राहिल्या असतील," कुणीतरी म्हणालं.

शकुबाईचा जन्म कोंबड्यांत गेला होता. तिनं खाली वाकून गोठ्यात पाहिलं. "बदलायच्या असत्या तर आत गादी अंथरल्यावाणी पिसं पडली असती. हितं एक पीस न्हाई. अन् हा काय पिसं टाकायचा महिना हाय?"

खरंच नव्हतं. शीट होती, दाण्याचं फोल होतं, पीस नव्हतं.

"मला बी कळंना बाई," रुक्माबाई म्हणाली. "रोज पहाते, रोज कमीच दिसतेत."

मग नर्मदाबाईनं द्वारकाबाईकडं पाहिलं. "हिचीच तेवढी बरी कशी गं?"

एवढंच म्हणाली. पण सगळ्या माना द्वारकाबाईकडं वळल्या. निरोप हिनंच आणला होता. रुक्माबाईशी हिचंच जास्त बोलणं. काहीतरी आतून ठरलं असेल का, हे त्या नजरांत होतं. द्वारकाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माणूस पाण्यात पडलं की हाताला लागेल ते धरतं. तिच्या हाताला रुक्माबाई लागली.

"माझी माहेरची हाय. परक्या हाताला चोच मारती. तिच्या अंगाला कोण हात लावंल? ज्या गरीब, त्यांना लावला." मग ती रुक्माबाईकडं वळली. "मुंगसानं नेली तर पिसं दाखवतीस न्हाई का? मग आता दाखव की. कुठं हायती पिसं?"

आजवर रुक्माबाईजवळ दाखवायला काही नाही असं झालं नव्हतं.

कळमनुरीच्या बाजारात कुणी फेरीवाला लढाईतल्या जखमी शिपायांच्या उशांसाठी पिसं विकत घेतो, अशी बोलवा होती. पाहिला कुणीच नव्हता. ती गोष्ट त्या वेळी नेमकी कुणाच्या तोंडून निघाली, हे पुढं कुणी कबूल केलं नाही. पण त्याच वेळी रुक्माबाईची सून नानीबाई पाण्याची घागर घेऊन आली, आणि तिच्या ओढणीच्या काठाला नव्याकोऱ्या कवड्या उन्हात चमकल्या. ते वाक्य मात्र द्वारकाबाईचंच होतं.

"ह्या कवड्या कुठून आल्या गं? पिसं विकून?"

नानीबाई घागर घेऊन तशीच उभी राहिली. रुक्माबाईनंही सुनेकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते द्वारकाबाईच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही. बायांनी आपापली कोंबडी काखेत मारली आणि ओढा ओलांडला. वसमतवाली द्वारकाबाईच्या काखेत होती, आणि वाटेत नर्मदाबाई तिच्याशी पुन्हा गोड बोलायला लागली होती.

*

त्या दिवसापासून गावातल्या कोंबड्या घरोघरी डालग्याखाली राहू लागल्या. चैत्र गेला. उघड्या पाठींवर नवी पिसं फुटली; आधी काळ्या सुया दिसल्या, मग त्यांची टोकं उलगडली. "बघा," बाया एकमेकींना म्हणत, "आपल्या हाताखाली आल्या न् अंग धरलं." प्रत्येक नव्या पिसानं रुक्माबाई अधिक चोर ठरत गेली. द्वारकाबाईही तसंच म्हणत होती आणि तिला ते खरं वाटत होतं.

वैशाखात नर्मदाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना कवडी कोंबडी द्वारकाबाईकडे ठेवून गेली. "तुझ्या हाताला यश हाय," ती म्हणाली.

द्वारकाबाईनं दोघी एकाच डालग्याखाली कोंडल्या आणि ओसरीवर चिंचा फोडत बसली. दुपार टळटळीत होती. डालग्याच्या विणीतून आतलं दिसत होतं. कवडी मान खाली घालून उभी होती, शेजारणीकडून डोईतल्या उवा काढून घेणारी बाई बसते तशी, निवांत. वसमतवाली तिच्या मागं गेली. शेपटाच्या मुळाशी फुटलेलं कोवळं पीस तिनं चोचीत धरलं, मान मागं नेली, हिसडा दिला. मुळाला रक्ताचा थेंब होता. मग मान वर करून, घास घ्यावा तसं, ते पीस तिनं गिळलं.

द्वारकाबाईच्या हातातली चिंच तशीच राहिली.

वसमतवालीनं दुसरं पीस धरलं.

डालगं उचलायला द्वारकाबाई उठली नाही. पिसं कुठं गेली म्हणून सगळ्यांनी गोठ्यात वाकून शोधलं होतं आणि पिसांनी भरलेलं पोट त्यांच्या पायांतून फिरत होतं. हिचीच तेवढी बरी कशी, हे नर्मदाबाईनं विचारलं होतं. सरळ प्रश्न होता. त्याचं सरळ उत्तर होतं. तिनं ते तांड्यावर ढकललं होतं.

पहिल्यांदा तिनं केलं ते असं: दोघींना वेगळं केलं, कवडीच्या शेपटाला हळद लावली, आणि दार लोटून घेतलं. कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी नवरा, तातेराव, शेतातून आला तर म्हणाला, "तोंड काहून असं? कुणी मेलं का माहेरी?"

"माहेरचं नाव काढू नका," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून असं वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं. तो भाकरी खाऊन गप झोपला.

पाणवठ्यावर ती आता लवकर जाऊ लागली. बाया यायच्या आत घागर भरून परते. तरी एकदा शकुबाई भेटलीच. "तांड्यावरची रुक्मी बाजारात दिसली," म्हातारी म्हणाली. "कुणी अंडी घेत न्हाई तिच्याकडून. म्हणतेत, कुणाची हायत कुणास ठाऊक." द्वारकाबाईनं घागर उचलली. ती अर्धीच भरली होती.

कोंबडी कापावी, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. कोंबडी गेली की गोष्ट गेली. पण तातेरावाला काय सांगायचं? जी मांडीवर आणली ती काहून कापली, हे गाव विचारील.

मग गिरदावर उरलेल्या लेव्हीसाठी पुन्हा आला, आणि तिची सोय आपल्या पायांनी चालत दारात आली.

शिपाई गल्लीनं येत होता. घरोघरी डालगी माजघरात सरकत होती, कणग्यांमागं जात होती, त्यांवर गोधड्या पडत होत्या. द्वारकाबाई ओसरीवर उभी राहिली आणि तिनं हाक मारली. "अहो जमादार. हिकडं या."

शिपाई चकित झाला. उभ्या नोकरीत त्याला कोंबडीसाठी कुणी बोलावलं नव्हतं. तिनं डालगं उचललं. त्यानं वसमतवाली पायाला धरून उलटी केली. सोनेरी पंख खाली पसरले.

समोरच्या ओट्यावरून शकुबाई सगळं पाहत होती. शिपायाला ऐकू जाईल की नाही याची पर्वा न करता ती म्हणाली, "आपली माहेरची दिली गं, गावातल्या दुसरीची वाचावी म्हणून! काय मन म्हणावं का काय! नर्मदीला आल्या आल्या सांगते."

द्वारकाबाईला शिवी बसली असती तर तिनं ती झेलली असती. हे कौतुक झेपलं नाही. शिपाई चार पावलं गेला असेल. ती धावली आणि तिनं कोंबडी त्याच्या हातातून ओढून घेतली.

"न्हाई. ही देता येत न्हाई."

"दिमाग फिर गया क्या?" शिपाई ओरडला. "खुद बुलाई, और अब?"

"दुसरं काय बी न्या. ही न्हाई. हिचं काम राहिलंय."

आरडाओरडा ऐकून तातेराव बाहेर आला. बायकोला काय झालं ते त्याला कळलं नाही, पण शिपायाला काय लागतं ते ठाऊक होतं. त्यानं तुपाची लोटी आणून पुढं केली आणि दोनदा "हुजूर" म्हणाला. शिपाई बडबडत गेला.

"आता बोल," तातेराव म्हणाला.

"आता न्हाई. नर्मदा आली की सगळ्यांसमोर."

*

नर्मदाबाई आली त्या दुपारी द्वारकाबाईनं तिला, शकुबाईला आणि गल्लीतल्या आणखी बायांना ओसरीवर बसवलं. मधे डालगं, आत दोघी कोंबड्या.

"काय बघायचं?" नर्मदाबाईनं विचारलं.

"बघत ऱ्हा."

वसमतवालीनं दाणे टिपले. पाणी प्यायली. पंख झाडला. एका पायावर उभी राहून तिनं डोळे मिटले. इतकी शहाणी ती जन्मात वागली नव्हती.

"द्वारके, ऊन लागलं का गं तुला?" शकुबाई म्हणाली. "कोंबडी झोपली, आता मला बी झोपू दे."

"थोडं थांबा."

"कोंबडीचं कीर्तन हाय का हे?" एक जण खुसखुसली. दुसरी उठून पदर झटकू लागली. तेवढ्यात वसमतवालीनं डोळे उघडले, कवडीच्या मागं गेली आणि अगदी सावकाश, सगळ्यांच्या देखत, एक पीस उपटून गिळलं.

उठलेली बाई पुन्हा बसली.

नर्मदाबाईनं डालगं उचलून आपली कोंबडी पोटाशी धरली. शकुबाई म्हणाली, "म्हंजी पिसं पोटात व्हती."

"व्हय."

"अन् आपुनच कोंडायला लावल्या. अंधारात, उकरायला न्हाई, चरायला न्हाई. तिथंच सवय लागली मेलीला." म्हातारीनं कपाळावर हात घासला. मग आवाज खाली केला. "कापून टाक. अन् गप ऱ्हा. आता तांड्यावर जाऊन काय तोंड दाखवायचं? एकटी तू न्हाई, आपुन सगळ्याच बोललो."

"तुमी हूं म्हणल्या," द्वारकाबाई म्हणाली. "बोलले मी."

तिच्याबरोबर कुणी उठलं नाही. नर्मदाबाई दारापर्यंत आली, तिथं घुटमळली आणि म्हणाली, "माझं बी नाव सांग. पण मी येत न्हाई."

*

तांड्यावर शेळ्यांच्या गोठ्याचा झापा उघडा होता आणि आत काही नव्हतं. रुक्माबाई स्वतः पाण्याची घागर घेऊन येत होती. पाणी आणायचं काम सुनेचं होतं, हे द्वारकाबाईला आठवलं. पण त्याचा अर्थ लागायला तिला वेळ लागला.

तिनं काखेतली कोंबडी खाली ठेवून तिथल्याच एका डालग्यानं झाकली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मधे थांबली नाही. थांबली असती तर पुढं सांगता आलं नसतं. पीस, रक्ताचा थेंब, शिपाई, सगळं.

रुक्माबाईनं घागर उतरवली. ओरडेल, शाप देईल, हाकलून देईल, या सगळ्याची तयारी द्वारकाबाई करून आली होती. रुक्माबाई म्हणाली, "पुन्हा सांगा."

द्वारकाबाईनं पुन्हा सांगितलं.

"कोंबडीनं खाल्ली."

"व्हय."

"नानीनं न्हाई."

आता द्वारकाबाईला घागरीचा अर्थ लागला. "नानीबाई कुठं हाय?"

रुक्माबाई आत गेली आणि एक फडक्याची पुरचुंडी घेऊन बाहेर आली. तिनं ती सोडली. आत कवड्या होत्या, त्यांना तुटके दोरे लोंबत होते.

"तुमी गेल्या न् मी तिला विचारलं, कुठून आल्या? म्हणली, भावानं दिल्या. मी म्हणलं, खोटं. तुमी गावच्या बाया, इतक्या जणी खोटं कशा बोलताल? तिच्या अंगावरची ओढणी ओढून मी ह्या उसवल्या. तिच्यादेखत. पोरगी रडली न्हाई. भांडली बी न्हाई. ओढणी पांघरली न् बापाच्या तांड्यावर निघून गेली." तिनं पुरचुंडी बांधली. गाठ नीट बसेना. "मी गावावर इस्वास ठिवला न् लेकरावर न्हाई."

द्वारकाबाई आपला अपराध घेऊन आली होती आणि तो एकच आहे असं तिला वाटलं होतं. आता तिच्यासमोर दुसरी बाई त्याच ओझ्यानं वाकलेली उभी होती, आणि ते ओझं तिनंच तिच्या डोक्यावर दिलं होतं.

"चला," रुक्माबाई म्हणाली.

"कुठं?"

"तिच्याकडं. कोंबडी घ्या. मला म्हणला व्हतात ना, पिसं दाखव? आता मला बी सुनेला कायतरी दाखवाया लागंल. नुसत्या तोंडाला ती काहून भुलंल?"

औंढ्याकडच्या वाटेला दोघी लागल्या. पुढं रुक्माबाई, मागं डालगं डोक्यावर घेऊन द्वारकाबाई. कधी कोंबडी डोक्यावरून वाहिली नव्हती तिनं. वाटेत भेटलेल्या एका गाडीवानानं विचारलं, "विकायची का मावशी?" दोघींनी मान वर केली नाही.

नानीबाई बापाच्या झोपडीपुढं तुराट्यांचा झाडू बांधत होती. दोघींना पाहून तिनं ओढणी पुढं घेतली. काठावर दोऱ्यांची भोकं रांगेनं दिसत होती. रुक्माबाई तोंड उघडणार तोच द्वारकाबाईनं डालगं उतरवलं. "आधी मी बोलते," ती म्हणाली. "ते कवड्यांचं बोलणं माझ्या तोंडून निघालं व्हतं."

झोपडीतून नानीबाईचा बाप आला, शेजारच्या बाया जमल्या. द्वारकाबाईनं त्या सगळ्यांदेखत सांगितलं. परक्या तांड्यात, परक्या माणसांत, आपल्या माहेरच्या कोंबडीची चोरी तिनं सांगितली. कोंबडी डालग्यातून चोच बाहेर काढून सगळ्यांकडं पाहत होती.

नानीबाई ऐकत राहिली. मग तिनं डालगं थोडं उचललं, कोंबडीकडं पाहिलं आणि विचारलं, "हिला पाणी पाजलं का? तोंड उघडं टाकून राहिली."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पाजलं नव्हतं.

नानीबाईनं वाटीत पाणी आणून आत सरकवलं. रुक्माबाईनं पुरचुंडी पुढं केली. नानीबाईनं ती घेतली नाही.

"उसवल्या तू," ती सासूला म्हणाली. "लावशील बी तूच. सुई आत हाय."

"अन् मग येशील?"

"आधी लाव."

तिनं सुईदोरा आणून दिला आणि ओढणी उतरवून सासूच्या मांडीवर टाकली. रुक्माबाईनं दोरा ओला केला, सुई डोळ्यांपाशी नेली, लांब धरली. दोरा जाईना. द्वारकाबाईनं तिच्या हातातून सुई घेतली, ओवली आणि परत दिली.

"बाई," रुक्माबाई ओढणीवरून मान न उचलता म्हणाली, "गावातल्या कोंबड्या आता गावातच ठिवा. मला नगं."

"सांगते," द्वारकाबाई म्हणाली.

एका दोऱ्यात दोनतीनच कवड्या बसत होत्या. प्रत्येक वेळी दोरा संपला की रुक्माबाई न बोलता सुई पुढं करी आणि द्वारकाबाई ती ओवून देई. नानीबाई दारात उभी राहून कवड्या नीट ओळीत बसतात की नाही ते पाहत होती.